संघर्षभूमीतले अत्याचार साहित्यातून वाचताना : कोकणातल्या वाचक मंडळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या बहुतेक वाचनालयांत युद्ध, फाळणी, बंडखोरी, लष्करी राजवट यांवरची पुस्तकं कपाटात असतात, पण मंडळात चर्चेला क्वचितच येतात. ‘फार जड आहे’, ‘लोक उठून जातील’, ‘उगाच वाद होतील’ ही नेहमीची कारणं. खालची उत्तरं ग्रंथपाल, शिक्षक आणि मंडळ चालवणाऱ्यांसाठी आहेत. भर एकाच गोष्टीवर आहे. हळहळून पुस्तक मिटू नका. कुणाचा कोणता हक्क, कुणी, कुणाच्या हुकमाने मोडला आणि हे आपल्याला कोण, कुठे उभं राहून सांगतंय, एवढं नेमकं शोधून काढा.

संघर्षभूमी कशाला म्हणायचं? दंगलीवरची कथा यात बसते का?

कायद्यात दोन वेगळी दालनं आहेत. सशस्त्र संघर्षाला १९४९ चे चार जिनिव्हा करार लागू होतात. देशांतर्गत सशस्त्र संघर्षाचा विचार या चारही करारांत सारख्याच शब्दांत असलेल्या कलम ३ मध्ये आहे. लढाईत नसलेल्या माणसाला मारणं, ओलीस ठेवणं, छळणं, त्याची विटंबना करणं आणि रीतसर खटल्याशिवाय शिक्षा देणं यांना त्या कलमाने मनाई आहे. दुसरं दालन मानवी हक्कांचं. संयुक्त राष्ट्रांच्या १० डिसेंबर १९४८ च्या जाहीरनाम्यात ३० कलमं आहेत आणि ती शांततेतही लागू असतात. दंगल हा सहसा सशस्त्र संघर्ष ठरत नाही, पण हक्कभंग तिथेही असतोच.

मंडळासाठी एवढं काटेकोर होण्याची गरज नाही. फाळणी, आणीबाणीची राजवट, छावण्या, निर्वासितांचा प्रवास हे सगळं घ्या. फक्त चर्चेत दोन्ही दालनांची सरमिसळ होऊ देऊ नका, कारण ‘युद्धात असं होतंच’ हे वाक्य तिथूनच निघतं. युद्धात काय होऊ द्यायचं नाही, याची यादी कायद्याने केलेली आहे.

कोकणाचा या साहित्याशी काय संबंध?

बराच, आणि जुना. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० सालच्या कादंबरीत ही रत्नागिरी आहे, आणि १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून पायी निघालेल्या भारतीयांचे हालही आहेत. बांद्याजवळ पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतला गोवा लॅम्बर्ट मास्कारेन्हस यांनी १९५५ सालीच इंग्रजी कादंबरीत आणला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीयांत कोकणातली कुटुंबंही होती. सुमारे १,७०,००० भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने परत आणावं लागलं. आणि मराठीतली या जातीची सगळ्यात मोठी साक्ष पेण तालुक्यातल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे या भिक्षुकाने ‘माझा प्रवास’मध्ये लिहिली आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

पुस्तकाने करूच नका, कथेने करा. चारशे पानांची कादंबरी पहिल्या महिन्याला लावली की दुसऱ्या बैठकीला निम्मे लोक न वाचता येतात आणि तिसरीला येतच नाहीत. सहा बैठकांचा हा क्रम बहुतेक ठिकाणी पेलतो.

पहिली बैठक सआदत हसन मंटो यांच्या ‘खोल दो’ या कथेची. मोठ्याने वाचायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दुसरी महाश्वेता देवींच्या ‘द्रौपदी’ची. तिसरी आणि चौथी गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधल्या झाशीच्या प्रकरणांची. पाचवी घसान कनफानी यांच्या ‘मेन इन द सन’ या लघुकादंबरीची, आणि सहावी एखाद्या डायरीची किंवा आठवणींच्या पुस्तकाची. ‘खोल दो’नंतर लगेच ‘द्रौपदी’ घेताना मध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्या. दोन्हीत लैंगिक अत्याचार आहे, आणि लागोपाठ घेतल्यास दुसऱ्या कथेवर पहिलीचीच चर्चा होते.

सहाव्या बैठकीनंतर मंडळ टिकलं असेल तर विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही गडचिरोलीतल्या माडिया आदिवासींवरची कादंबरी घ्या, किंवा तेमसुला आओ यांच्या नागालँडमधल्या कथा.

‘माझा प्रवास’ तर प्रवासवर्णन आहे. ते इथे कसं?

विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून निघाले ते दक्षिणा मिळवायला. घरावर कर्ज होतं, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी होती. वाटेत बंड पेटलं. १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौजा झाशीत शिरल्या तेव्हा ते शहरातच होते. त्यांना लढाईतलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी तसा आवही आणलेला नाही. म्हणूनच ही साक्ष मोलाची आहे. ते कत्तलीला ‘बिजन’ म्हणतात, आणि लूट कशी टप्प्याटप्प्याने झाली ते सांगतात. आधी सोनं-नाणं, मग भांडीकुंडी, मग उरलंसुरलं. घरात शिरलेल्या शिपायाने काय मागितलं, लपलेल्यांनी पाणी कुठून आणलं, प्रेतं कुठे पडली होती, हे एका घाबरलेल्या नागरिकाच्या उंचीवरून दिसतं. सेनापतीच्या टेकडीवरून ते दिसत नाही.

वाचताना तीन गोष्टी वेगळ्या काढा. त्यांनी स्वतः पाहिलेलं, त्यांना दुसऱ्याने सांगितलेलं आणि तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं ते. झाशीचा बराच भाग पहिल्या प्रकारचा आहे, बंड का झालं याबद्दलचा मजकूर दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारचा. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने ‘प’, ‘ऐ’, ‘बो’ (पाहिलं, ऐकलं, बोललं जात होतं) अशी खूण करत गेलात तर पंधरा पानांत सवय लागते. ही सवय पुढे प्रत्येक साक्षीच्या पुस्तकाला उपयोगी पडते.

त्यांच्या नजरेची मर्यादाही बोला. कोण बळी आणि कोण लुटारू हे ते जातीच्या आणि धर्माच्या चौकटीतून पाहतात. खालच्या मानलेल्या जातींतली माणसं त्या कत्तलीत मेली असणारच, पण त्यांची नावं पानावर येत नाहीत. हा प्रश्न चर्चेत आला नाही तर चालकाने स्वतः काढावा.

त्याची कोणती आवृत्ती घ्यावी?

भटजींनी १८८३ मध्ये लिहिलं. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ मध्ये छापलं, पण इंग्रजी अमलात छापायचं म्हणून आणि आपल्या पसंतीनेही मजकुरात फेरफार करून. मोडीतल्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ पाठ प्रसिद्ध केला. मंडळाला शक्यतो मूळ पाठावरची आवृत्ती द्या. दोन्ही मिळाल्या तर झाशीचं एकच प्रकरण दोन्हींतून शेजारी ठेवून वाचा. राजवटीच्या भीतीने साक्ष कशी बदलते, हे समजावून सांगायला याहून सोपं साधन मराठीत नाही.

खरं किती आणि रचलेलं किती, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर एका ओळीत देता येत नाही.

आधी शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान पाहा. कादंबरी, कथा, आठवणी, रोजनिशी, वृत्तांत यांपैकी काय म्हटलंय? कादंबरी म्हटली असेल तर ‘हे पात्र खरं होतं का’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘हे तेव्हा तिथे घडत होतं का’ हा विचारा. आठवणी म्हटल्या असतील तर मात्र लेखकाने पाहिलं म्हणून सांगितलेलं त्याने पाहिलेलंच असलं पाहिजे.

लेखक-वाचकांमधला हा करार मोडला गेल्याचं ठळक उदाहरण म्हणजे बिन्यामिन विल्कोमिर्स्की. १९९५ मध्ये नाझी छावण्यांतलं बालपण म्हणून त्याचं पुस्तक आलं, गाजलं, बक्षिसं मिळाली. १९९८ मध्ये डॅनियल गान्झफ्रीड या पत्रकाराने दाखवून दिलं की लेखक स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, तिथेच वाढला आणि छावणीत कधी नव्हताच. पुढच्या वर्षी प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. असल्या पुस्तकाने खऱ्या साक्षीदारांचं नुकसान होतं, कारण छावण्याच नाकारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

पण प्रत्येक चूक या जातीची नसते. ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांच्या १९८३ च्या आत्मकथनात भावाच्या मृत्यूचा प्रसंग डोळ्यांसमोर घडल्यासारखा येतो. डेव्हिड स्टोल या मानववंशशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवलं की तो तसा घडला नव्हता. त्याच वर्षी तिथल्या यादवी युद्धावरचा सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. त्यात मृत आणि बेपत्ता मिळून २ लाखांहून अधिक माणसं, बळींत बहुसंख्य माया आदिवासी, आणि नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी फौजा व त्यांच्या साथीदारांकडून, असं नोंदलं आहे. म्हणजे भाऊ लष्कराच्या हातून मेला हे खरं, तो कसा मेला ते बहिणीने पाहिलं हे खरं नव्हे. मेंचूंनी समूहाच्या वतीने बोलताना ‘आम्ही पाहिलं’ आणि ‘मी पाहिलं’ यांतली रेघ पुसली. दोन्ही वाक्यं चर्चेत आली पाहिजेत, आणि एकाने दुसरं खोडून काढू नये.

तिसरी परिस्थिती म्हणजे मजकूर आटत जाणं. एली विझेल यांचं नाझी छावणीवरचं पुस्तक यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, १९५६ साली ब्युनोस आयर्सला निघालं, फ्रेंचमध्ये १९५८ ला, इंग्रजीत १९६० ला, आणि प्रत्येक वेळी ते लहान होत गेलं. यिद्दिश पुस्तकातला राग फ्रेंचमध्ये बराच निवलेला आहे. यात खोटेपणा नाही, पण आपल्या हाती आहे ती कितवी गाळणी हे माहीत असावं.

तपासणीसाठी एका संध्याकाळचं काम पुरतं. पुस्तकातल्या पाच ठोस गोष्टी निवडा: एक तारीख, एक गाव, एक तुकडी किंवा हुद्दा, दोन ठिकाणांमधलं अंतर आणि एक सरकारी आदेश. नकाशावर, विश्वकोशात आणि शक्य असेल तिथे आयोगाच्या किंवा न्यायालयाच्या कागदांत ताडून पाहा. पाचांपैकी एखादी चुकली तर ती आठवणीची चूक समजा. तीन चुकल्या आणि त्या सगळ्या लेखकाला अधिक मोठा बळी किंवा अधिक मोठा वीर ठरवत असतील, तर सावध व्हा.

लेखक स्वतः त्यात नसेल तर त्याने लिहावं का?

लिहावं, पण त्याची पूर्वतयारी आपण पाहावी. रवांडातल्या १९९४ च्या नरसंहारानंतर १९९८ मध्ये काही आफ्रिकी लेखक तिथे जाऊन राहिले. सेनेगलचे बुबाकार बोरिस दियोप त्यांपैकी एक. त्यातून २००० मध्ये त्यांची मुरांबीच्या शाळेतल्या कत्तलीवरची कादंबरी आली. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी सोव्हिएत स्त्री-सैनिकांचं आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांचं बोलणं वर्षानुवर्षं टेपवर घेतलं आणि त्यातून पुस्तकं रचली. अफगाण युद्धावरच्या पुस्तकासाठी त्यांच्यावर मिन्स्कमध्ये १९९२-९३ ला खटला चालला. मुलाखत दिलेल्यांपैकीच काहींचं म्हणणं होतं की आमचे शब्द बदलले. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं तरी तो प्रश्न मिटत नाही. मंडळात तो जरूर घ्या.

क्रौर्याचं वर्णन किती हवं? काही पुस्तकं उगाच अंगावर येतात.

खरं आहे. जखमेचं वर्णन तीन-तीन पानं चालतं आणि जखम करणाऱ्याला चेहराही नसतो, असं पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही. वर्णन कमी असूनही कथा कुठे पोचते ते ‘खोल दो’त दिसतं. फाळणीच्या दंगलीत सिराजुद्दीनची मुलगी सकिना हरवते. तिला शोधायला गेलेले तरुण स्वयंसेवक, म्हणजे आपल्याच बाजूचे. तिच्यावरच्या अत्याचाराचा एकही प्रसंग कथेत नाही. शेवटी दवाखान्यात डॉक्टर खिडकीबद्दल ‘खोल दो’, म्हणजे उघडा, म्हणतात आणि मुलीचे हात यंत्रवत सलवारीच्या नाडीकडे जातात, एवढंच. बाप आनंदतो, कारण ती जिवंत आहे. डॉक्टरला घाम फुटतो. चर्चेला प्रश्न एकच पुरे: वाचवणाऱ्यांनीच हे केलं हे वाचकाला नेमकं कोणत्या ओळीवर कळतं?

‘द्रौपदी’त लष्करी अधिकारी सेनानायक पकडलेल्या आदिवासी बंडखोर दोपदीला हातही लावत नाही. चौकशी चालू असताना त्याची जेवणाची वेळ होते, तो हुकूम देतो आणि निघून जातो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम कराराने कलम २८ मध्ये हाताखालच्यांच्या गुन्ह्यांबद्दल वरिष्ठाची जबाबदारी मांडली. महाश्वेता देवींनी तोच अधिकारी त्याआधी वीसेक वर्षं कागदावर उभा केला होता. (भारत त्या करारात सामील नाही, हेही सांगून टाका. कुणीतरी विचारतंच.)

‘मेन इन द सन’ १९६३ ची. तीन पॅलेस्टिनी निर्वासित इराकमधल्या बसऱ्याहून कुवेतला चोरून निघतात, पाण्याच्या टँकरच्या रिकाम्या टाकीत लपून. ऑगस्टचं ऊन. सीमेवरच्या नाक्यावर सहा-सात मिनिटांत काम उरकून झाकण उघडायचं ठरलेलं असतं. नाक्यावरचे कारकून ड्रायव्हरला एका नर्तकीवरून चिडवत बसतात, कागदावर सही होत नाही, आणि तिघं आत गुदमरून मरतात. बंदूक कुठेच नाही. कुवेत, दुबई, मस्कतला माणसं पाठवलेल्या गावांत या पुस्तकावर सगळ्यात मोकळी चर्चा होते, कारण एजंट, पैसे, कागद, नाका हे शब्द घरातले असतात. चर्चा ‘त्यांनी टाकी आतून का वाजवली नाही’ यावरच अडकू देऊ नका. कादंबरीतला ड्रायव्हर हाच प्रश्न ओरडून विचारतो, आणि तो विचारणारा स्वतः प्रेतांच्या खिशातले पैसे काढून घेऊन आलेला असतो.

एका बाजूचीच पुस्तकं वाचली जातात अशी तक्रार येते. काय करावं?

तक्रार योग्य असू शकते. काश्मीर घ्यायचं असेल तर बशारत पीर यांचं ‘कर्फ्यूड नाइट’ आणि राहुल पंडिता यांचं ‘अवर मून हॅज ब्लड क्लॉट्स’ दोन्ही घ्या. एक खोऱ्यात राहिलेल्या मुस्लिम मुलाचं, दुसरं घर सोडावं लागलेल्या पंडित मुलाचं. पण दोन्ही एकाच संध्याकाळी नकोत. तसं केलं की तासाभरात कुणाचे जास्त मेले याचा हिशेब सुरू होतो आणि पुस्तकं बाजूला पडतात. दोन बैठका, दोन वेगळे चालक, आणि दोन्ही वेळी तोच तक्ता.

तक्ता असा: मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली सहा कलमं कागदावर उभी लिहा. जगण्याचा हक्क ३, छळापासून मुक्ती ५, मनमानी अटकेविरुद्ध ९, हिंडण्या-राहण्याचं स्वातंत्र्य १३, आश्रय १४, मालमत्ता १७. प्रत्येकासमोर पान क्रमांक, कुणाचा हक्क, कुणी मोडला. रिकामी राहिलेली ओळही बोलते. दोन्ही तक्ते भरल्यावरच ते शेजारी लावा.

बैठक किती वेळाची, किती जणांची, कधी ठेवावी?

दहा ते पंधरा जण. वीसच्या वर गेलात की चार-पाच जण बोलतात, बाकीचे ऐकतात. वेळ दीड तास: वीस मिनिटं मोठ्याने वाचन, पाच मिनिटं शांतता, तासभर चर्चा, शेवटची पाच मिनिटं पुढच्या बैठकीची सूचना. मराठी छापील पान मोठ्याने वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात, म्हणून आठ पानांहून मोठा उतारा निवडू नका. सुरुवातीला उताऱ्यात काय आहे ते स्पष्ट सांगा, उदाहरणार्थ ‘यात लहान मुलाचा मृत्यू आहे’. खुर्च्या अशा मांडा की दाराकडे जायला कुणाला कुणाच्या पायावरून जावं लागू नये. शेवटची एसटी किती वाजता हे विचारून वेळ ठरवा, नाहीतर ऐन चर्चेत अर्धी खोली उठते.

हंगाम पाहा. भाताच्या पट्ट्यात लावणीच्या दिवसांत बैठक ठेवू नका. उलट हर्णै, देवगड, मालवणसारख्या बंदरांत जून-जुलैच्या मासेमारी बंदीत लोक मोकळे असतात, तिथे तेच दिवस घ्या. वीज जाणार हे धरून चला. उतारा मोठ्या टायपात छापून घ्या आणि दोन बॅटऱ्या ठेवा. गणपतीच्या आणि शिमग्याच्या महिन्यात सुट्टी. मे महिन्यात चाकरमानी येतात, गर्दी होते, पण आधीचं वाचलेलं कुणी नसतं. तेव्हा स्वतंत्र कथा घ्या.

चर्चेत कुणाला त्रास झाला तर?

कोकणात माजी सैनिक, जहाजावर नोकरी केलेले, आखातातून परतलेले लोक घरोघरी आहेत. कुणाच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावर दिसत नाही. अचानक गप्प होणं, श्वास जोरात चालणं, विषय सोडून तावातावाने बोलणं या खुणा. वाचन थांबवा, पण सगळ्यांच्या नजरा त्या व्यक्तीकडे वळतील असं करू नका. ‘पाच मिनिटं चहा घेऊ’ म्हणा आणि एकाने तिच्यासोबत बाहेर पडवीत बसावं. काय आठवलं ते खोदून विचारू नका. ‘सांगितलंस की मोकळं वाटेल’ हा आग्रह बऱ्याचदा उलटतो. दुसऱ्या दिवशी एकदा विचारपूस करा. झोप, जेवण बिघडलं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं.

शाळेतल्या मुलांना काय द्यावं?

आठवीपासून पुढे अ‍ॅन फ्रँकची डायरी. ती मराठीत आहे. मुलांना हे जरूर सांगा की डायरी १ ऑगस्ट १९४४ ला थांबते, चार तारखेला लपलेले सगळे पकडले गेले आणि अ‍ॅन १९४५ मध्ये बर्गेन-बेल्सन छावणीत मेली. हे न सांगता डायरी शिकवली की ती नुसती धीराची गोष्ट होऊन बसते. अकरावी-बारावीला आर्ट स्पीगलमन यांची ‘माउस’ ही चित्रकादंबरी. ‘खोल दो’ आणि ‘द्रौपदी’ महाविद्यालयाच्या आधी नकोत.

उताऱ्यांच्या झेरॉक्स काढल्या, वाचन केलं तर कायद्याने चालतं का?

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. प्रसिद्ध पुस्तकातला माफक उतारा लोकांसमोर वाचायला परवानगी लागत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेलं नाट्यवाचनही त्यात बसतं. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक वाचनालय स्वतःच्या वापरासाठी करू शकतं. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून वाटणं किंवा पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं चालत नाही. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मंटो १९५५ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचा उर्दू मजकूर २०१६ पासून खुला आहे, मराठी भाषांतरावर मात्र भाषांतरकाराचा वेगळा हक्क असतो.

सध्याच्या युद्धांवरचं काही वाचावं की थांबावं?

वाचा, पण तारीख लावून. चालू युद्धातला मजकूर कधी लिहिला गेला, हे पुस्तकाइतकंच महत्त्वाचं असतं. युक्रेनचे बालसाहित्यिक व्होलोदिमिर वाकुलेन्को यांनी रशियन ताब्यातल्या आपल्या गावात डायरी लिहिली, आणि पकडून नेण्यापूर्वी ती अंगणात चेरीच्या झाडाखाली पुरली. गाव रशियन ताब्यातून सुटल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये कादंबरीकार व्हिक्टोरिया अमेलिना यांनी वाकुलेन्कोंच्या वडिलांच्या सोबतीने ती शोधून काढली. वाकुलेन्कोंचा खून झाला होता. अमेलिना कादंबरी बाजूला ठेवून युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करू लागल्या होत्या. क्रामातोर्स्कवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्यात जखमी होऊन १ जुलै २०२३ ला त्याही गेल्या. गाझातले कवी रिफात अलअरीर डिसेंबर २०२३ मध्ये हवाई हल्ल्यात मारले गेले. अशा मजकुरावर वाचक लगेच बाजू घेतात. घेऊ द्या, पण तक्ता भरून झाल्यावर.

आमच्या गावातल्या एकाची आठवण लिहून घ्यायची आहे. कशी घ्यावी?

घाई असेल तरी पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग नको. काय करणार, कुठे ठेवणार, कोण ऐकणार हे सांगा आणि संमती लेखी घ्या. नाव वापरायचं की बदलायचं, हयातीत छापायचं की नंतर, या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं लिहून घ्या, आणि संमती कधीही मागे घेता येईल हेही त्याच कागदावर असू दे.

एका बसणीला तासापेक्षा जास्त नाही. फोन विमान-मोडवर टाका, समुद्राकडच्या वाऱ्याला पाठ करून बसा, पंखा बंद. वाऱ्याचा घोंघाट नंतर काढता येत नाही. माणसांना तारखा आठवत नाहीत, हंगाम आठवतात. ‘पाऊस लागला होता का’, ‘गणपतीच्या आधी की नंतर’, ‘थोरली तेव्हा कितवीत होती’ असं विचारलं की महिना नक्की होतो. मग जागा विचारा: तुम्ही कुठे उभे होता, ते कुठून आले, अंगावर कोणते कपडे, कोणती भाषा, हुकूम देणारा कोण. ‘कसं वाटलं’ हा प्रश्न शेवटी, किंवा अजिबात नको. ते सांगणारा आपणहून सांगतो.

तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास धरा. सांगणाऱ्याची मालवणी किंवा आगरी तशीच ठेवा. प्रमाण मराठीत सरळ केलेल्या साक्षीतून माणूस हरवतो. उतरवलेलं परत वाचून दाखवा आणि तो सांगेल ते गाळा. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, एक छापील, कारण दमट हवेत पेन ड्राइव्ह आणि जुने फोन दगा देतात. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नुसतं नाव बदलून भागत नाही. वाडी, नवऱ्याचा धंदा, वर्ष यांवरूनही लहान गावात माणूस ओळखू येतो, म्हणून तेही बदला आणि बदललं आहे असं वर लिहा.

पुस्तकं मिळत नाहीत. मागवायची कशी?

तालुक्याच्या वाचनालयात नसेल तर जिल्हा वाचनालयाला विचारा, मग मुंबई-पुण्याच्या विक्रेत्याला. पावसाळ्यात पार्सल उशिरा येतं आणि भिजतंही, म्हणून बैठकीच्या दीड महिना आधी मागवा. पंधरा जणांना चार प्रती पुरतात. मागणीपत्रात लेखक, भाषांतरकार, प्रकाशक आणि आवृत्तीचं साल या चारही गोष्टी लिहा. ‘मंटोच्या कथा’ एवढंच लिहिलं तर विक्रेत्याकडे असेल ती निवड येते, आणि तुम्हाला हवी ती कथा नेमकी तिच्यात नसते.